जागलीवरच्या मुलांना भयकथा द्या

जोसेफ डिलेनी या इंग्रज लेखकाची ‘द स्पूक्स अप्रेंटिस’ ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. भुतांनी आणि चेटकिणींनी भरलेल्या या कथेची सुरुवात शेतजमिनीच्या प्रश्नापासून होते. टॉम वॉर्ड हा शेतकऱ्याचा सातवा मुलगा. शेत थोरल्या भावाकडे, जॅककडे, जाणार हे ठरलेले आहे. मधल्या भावांना एकेक करून कुठे ना कुठे कामाला लावून झाले आहे, त्यांतला एक लोहारकाम शिकला आहे, आणि या बारा-तेरा वर्षांच्या शेवटच्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न आईबापांपुढे उभा आहे. अखेर त्याला स्पूकच्या हाताखाली शिकायला देतात. स्पूक म्हणजे गावोगाव फिरून भुते, चेटकिणी आणि बोगार्ट नावाची उपद्रवी पिशाच्चे यांचा बंदोबस्त करणारा माणूस. संकट आले की लोक त्याला बोलावतात आणि एरवी तो समोरून येताना दिसला तर वाट बदलतात.

यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाढणाऱ्या सातवी-आठवीतल्या मुलाला ही सुरुवात समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे जमीन एकट्या थोरल्याला मिळत नाही, ती सर्व भावांत वाटली जाते आणि वाटता वाटता कोणालाच पुरेनाशी होते, एवढाच फरक. घरातल्या धाकट्याने पुढे काय करायचे, ही चिंता मात्र तीच आहे. असे असूनही या प्रकारचे पुस्तक, ज्याला इंग्रजी वाचक डार्क फॅन्टसी म्हणतात ती भयाची गडद छाया असलेली अद्भुतकथा, आपल्या खेड्यांतल्या वाचनालयांच्या बालविभागात सहसा दिसत नाही. पुस्तक-खरेदीची वेळ आली की “मुलांसाठी भुताखेतांचे काही नको” असे कोणीतरी म्हणते, बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुधा ती शिक्षक असतात, अंधश्रद्धाविरोधी कामात उमेदीची वर्षे घातलेली असतात आणि मुलांच्या काळजीपोटीच तसे बोलतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला उलट बाजू मांडायची आहे. विदर्भातल्या ग्रामीण कुमारवयीन मुलांना चांगल्या भयाद्भुत कथांची गरज आहे, शहरातल्या मुलांपेक्षा कांकणभर जास्तच आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या साहित्याचे पहिले पाठीराखे व्हायला हवे, असे माझे मत आहे.

डिलेनी यांचा जन्म १९४५ चा, लँकेशायरमधल्या प्रेस्टन शहरातला. त्यांनी अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले. १९८३ मध्ये ते स्टालमिन नावाच्या खेड्यात राहायला गेले. त्या गावात बोगार्टची एक जुनी दंतकथा होती. ती त्यांनी वहीत टिपून ठेवली आणि सुमारे वीस वर्षांनी त्या टिपणातून टॉम वॉर्डची कथामालिका उभी राहिली. २०१३ पर्यंत या मुख्य मालिकेचे तेरा खंड झाले. २०२२ मध्ये डिलेनी यांचे निधन झाले. त्यांच्या कथेतला ‘काउंटी’ हा प्रदेश म्हणजे नावे थोडीफार बदललेले लँकेशायरच आहे. प्रेस्टनचे प्रीस्टाउन झाले, चिपिंग या खेड्याचे चिपेंडेन झाले, पेंडल टेकडी तर नावासकट तशीच आली. टॉमची पहिली परीक्षा खाणकामगारांच्या वस्तीतल्या एका झपाटलेल्या घरात होते आणि त्या घरात घडून गेलेली गोष्ट ही एका खाणकामगाराने आपल्या बायकोवर केलेल्या अत्याचाराची आहे. वणी, राजुरा, भद्रावती या कोळशाच्या पट्ट्यातल्या वाचकाला अशी वस्ती आणि अशी घरे अनोळखी वाटणार नाहीत. आपल्या पायाखालच्या मातीतली भीती घ्यायची, तिला नीट आकार द्यायचा आणि ती मुलांच्या हाती सोपवायची, हे डिलेनी यांनी केले. आपल्याकडे हे काम कोणी हाती घेतलेले नाही, आणि मातीत भीती नाही म्हणून ते राहिले असे तर मुळीच म्हणता येणार नाही.

आमच्या भागातल्या मुलांच्या वाट्याला काय काय येते ते पाहा. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांपासून पीक राखायला घरातला पुरुष जागलीवर जातो आणि हात-दोन हात कामाला हवेत म्हणून मोठा मुलगाही कधी कधी सोबत जातो. माळ्यावर बसून, शेकोटीच्या उजेडाबाहेरच्या अंधारात काय हलते आहे याचा अंदाज घेत रात्र काढणे हा त्या मुलासाठी खेळ नसतो. वाघाचे भय तर ताडोबाभोवतीच्या गावांत रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई घरी परतेपर्यंत घरातल्या लेकरांचा जीव थाऱ्यावर नसतो. राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-१ या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. शहरात त्यावर मोर्चे निघाले, न्यायालयात वाद झाले, वाघिणीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. पण त्या काळात वावरात जायला घाबरणाऱ्या, संध्याकाळी दार लावून बसणाऱ्या मुलांच्या मनात काय चालले होते, याची नोंद मराठी बालसाहित्यात मला कुठे आढळली नाही.

दिसणाऱ्या भयाशेजारी न दिसणारे भय असतेच. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येताना वाट चुकवणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, रात्री नाव घेऊन हाक मारणारी कोणीतरी, बाळंतिणीच्या खोलीबाहेरची हडळ, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त दहशत असलेली करणी व भानामती. या गोष्टी मुले पुस्तकांतून शिकत नाहीत. आजीकडून, सालगड्याकडून, पारावरच्या गप्पांतून त्या त्यांच्यापर्यंत आपसूक येतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पिडेचा पुतळा, निघते, विदर्भातल्या अनेक खेड्यांतही मारबत गावाबाहेर नेली जाते आणि “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” म्हणत तिच्यामागे धावणाऱ्यांत मुलेच जास्त असतात. गावातली रोगराई आणि संकट यांना एक शरीर द्यायचे, चेहरा द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून ते शिवेबाहेर काढायचे, ही कल्पना आपल्या मुलांना चालता-बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक असते. त्यांच्यापाशी भय आहे आणि भयाची प्रतिमासृष्टीही आहे. ज्याच्या आधाराने या भयाकडे एकट्याने, शांतपणे, आरंभापासून शेवटापर्यंत पाहता येईल असे पुस्तक तेवढे त्यांच्यापाशी नाही.

मराठीत भयकथा नाहीत असे नाही. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी या प्रकारात मोठे काम केले, पण ते प्रौढ वाचकांसाठी. मतकरींनी मुलांसाठीही विपुल लिहिले आणि त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातली चेटकीण पिढ्यान्‌पिढ्या मुलांची आवडती राहिली आहे, परंतु ती लहान मुलांना हसवणारी चेटकीण आहे. ‘चांदोबा’तल्या वेताळाने आमच्या पिढीला पुष्कळ दिले. तो वेताळ प्रेतात शिरून बोलत असे, वाट स्मशानातून जात असे आणि तरीही प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न न्यायाचा असे, याची आठवण आजच्या पालकांनी जरूर ठेवावी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि खेड्यातल्या मुलांपर्यंत ते पोहोचलेही. पण अकरा ते पंधरा या वयाच्या वाचकाला पुरे लांबीची, गंभीर, खरीखुरी भीती वाटेल अशी आणि तरीही त्याच्या वयाचा मान राखणारी कादंबरी हवी असेल, तर मराठीत तिचे कपाट जवळजवळ रिकामे आहे. या वयात मुलगा एकदम बोधकथेतून उठतो आणि मोबाइलवरच्या, कोणाचेही लक्ष नसलेल्या, रक्तपाताच्या चित्रफितींकडे जातो. मधली पायरीच नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. भुताच्या गोष्टींनी भुतांवरचा विश्वास वाढेल, हा तो आक्षेप. विदर्भात त्याला वजन आहे आणि ते हलके करून चालणार नाही. ही गाडगेबाबांची आणि तुकडोजी महाराजांची भूमी आहे. वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारत, समोरच्या माणसाकडूनच उत्तर काढून घेत गाडगेबाबांनी नवस-सायास आणि अंगात येणे यांची साल काढली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये खून झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी केल्याचा आरोप ठेवून एखाद्याला मारहाण करणे किंवा त्याची धिंड काढणे या कायद्याने गुन्हा ठरते आणि त्यासाठी ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा होऊन आठ वर्षे झाली, तरी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारले गेले. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर चटके देण्याचा डंबा हा प्रकार अजूनही पुरता थांबलेला नाही. अशा प्रदेशात चेटकिणीची गोष्ट मुलाच्या हाती देताना हात थबकलाच पाहिजे.

पण थबकल्यानंतर पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. जिवतीतल्या त्या चौकात जमलेल्या माणसांनी भयकथा वाचल्या होत्या म्हणून ते घडले काय? पुस्तकांशी त्यांचा फारसा संबंध असण्याची शक्यता कमीच. त्यांनी ऐकली होती ती कुजबुज. अमक्याच्या घरात दुखणे आले, तमकीने पाहिले, देवऋषीने नाव सांगितले, अशी ती साखळी असते. कुजबुजीला लेखक नसतो, तिला शेवट नसतो आणि ती खरी आहे असे सांगूनच सांगितली जाते. पुस्तकातल्या कथेचा करार याच्या अगदी उलट असतो. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते की हे कोणीतरी रचले आहे, आणि शेवटचे पान उलटले की तो आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर असतो. भीती ही रचता येते आणि रचलेली भीती थांबवताही येते, हे ज्या मुलाने स्वतः अनुभवले आहे, त्याला पुढे एखादा बुवा भीती रचून दाखवू लागला तर ती रचना ओळखणे सोपे जाईल, असे मला वाटते. निदान ज्याला सगळी भीती फक्त कानावरून आणि खरी म्हणूनच मिळाली आहे त्याच्यापेक्षा तरी तो अधिक सज्ज असेल.

या दृष्टीने डिलेनी यांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यांचा स्पूक आणि आपल्याकडचा मांत्रिक यांच्यात वरवर साम्य वाटते, आणि आक्षेप घेणारे तेवढ्यावरच थांबतात. मांत्रिकाची सारी सत्ता त्याच्या गुपितावर उभी असते. बाधा त्याला दिसते, तुम्हाला दिसत नाही. उपाय त्याला ठाऊक, तुम्ही फक्त कोंबडा, नारळ आणि पैसा आणायचा. स्पूक आपली विद्या एका शेतकऱ्याच्या पोराला शिकवतो आणि ती शिकवणी कंटाळवाणी, कष्टाची आणि टप्प्याटप्प्याची आहे. खड्डे किती खोल खणायचे, मीठ आणि लोखंडाचा कीस कोणत्या खिशात ठेवायचा, चांदीची साखळी रोवलेल्या खांबावर पुन्हा पुन्हा फेकून नेम कसा साधायचा, लॅटिनची क्रियापदे कशी पाठ करायची, असे ते धडे आहेत. टॉम सगळे वहीत लिहून घेतो, आणि खंडाच्या अखेरीस तो वाचकाला सांगतो की हे बहुतेक आठवणीतून लिहिले आहे, गरज पडली तिथे वही पाहिली. जे दिसले ते टिपून ठेवावे, आधी कोणी काय केले होते ते वाचावे, आपल्या चुकीची नोंद करावी, ही सवय विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही पहिल्या दिवशी शिकवतात. या कथेत भुते खरी आहेत, हे मान्य. पण त्या खऱ्या भुतांपुढे टॉम नवस करत नाही, कोणाच्या पाया पडत नाही, अंगारा लावत नाही. तो घाबरतो, थरथरतो आणि शिकलेले काम करतो.

चकव्याविषयी आमच्याकडे जुनी माणसे सांगत की वाट चुकल्यासारखी वाटली, फिरून फिरून त्याच झाडापाशी आलो असे दिसले, तर धावू नये, जागीच बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी. अंधाऱ्या रानात दिशा हरवलेल्या माणसाला याहून शहाणा सल्ला वनखात्याचा अनुभवी माणूसही देणार नाही. लोककथेतली भीती अनेकदा अशी कामाची गोष्ट पोटात घेऊन येते. चांगला लेखक ती गोष्ट बाहेर काढून दाखवू शकतो. चकव्यावर सरसकट हसणाऱ्या पाठ्यपुस्तकी धड्याने मुलाच्या मनातला चकवाही जात नाही आणि तो सल्लाही हाती राहत नाही.

चेटकिणींच्या बाबतीत डिलेनी यांनी केलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. स्पूक टॉमला शिकवतो की ज्यांना लोक चेटकिणी म्हणतात त्यांचे चार प्रकार असतात: दुष्ट, परोपकारी, आपल्यापाशी काही शक्ती आहे हे स्वतःलाच ठाऊक नसलेल्या, आणि खोटा आरोप झालेल्या. हा चौथा प्रकार पुढे नुसता यादीत राहत नाही. २००५ मध्ये आलेल्या दुसऱ्या खंडात चेटकिणींना शोधून जाळणारा एक अधिकारी प्रीस्टाउनमध्ये येतो. तो निरपराध माणसांना पकडतो आणि त्यांची घरेदारे, मालमत्ता ताब्यात घेतो. करणीच्या आरोपामागे भावकीचा वाद, धुऱ्याचा तंटा किंवा एकट्या विधवेच्या दोन एकरांवरचा डोळा असतो, हे आमच्या भागात काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तेराव्या वर्षी ही गोष्ट कथेतून, श्वास रोखून वाचलेल्या कथेतून ज्याच्या मनात उतरली, तो मुलगा विसाव्या वर्षी गावच्या चौकात दोरी घेऊन उभा राहील काय? कोणतेही पुस्तक अशी हमी देऊ शकत नाही. पण भित्तिपत्रकावरच्या घोषणेपेक्षा या कथेची पोच मला खोल वाटते.

इथेच मला डिलेनी यांच्याविषयी एक गंभीर आक्षेपही नोंदवायचा आहे, आणि तो टाळला तर वरचे सगळे प्रतिपादन लंगडे पडेल. त्यांच्या कथेत खोटा आरोप झालेल्या स्त्रिया आहेत, तशा खरोखर दुष्ट, रक्त पिणाऱ्या चेटकिणीही आहेत आणि गोष्टीचा थरार मुख्यतः त्यांच्यावरच चालतो. पेंडलचा इतिहास लेखकाला चांगला ठाऊक होता. १६१२ मध्ये त्या टेकडीच्या परिसरातल्या स्त्री-पुरुषांवर चेटूक केल्याचा खटला चालला, दहा जणांना फाशी झाली आणि साक्ष देणाऱ्यांत जेनेट डिव्हाइस ही नऊएक वर्षांची मुलगी होती, जिने आपल्या सख्ख्या आईविरुद्ध साक्ष दिली. ती माणसे चेटकीण वगैरे काही नव्हती. गरीब, भिक्षा मागणारी, शेजाऱ्यांशी भांडणारी माणसे होती. चारशे वर्षांनंतरच्या इंग्लंडमध्ये त्या नावांभोवती थरारक कादंबरी रचली तर आज कोणा बाईच्या दारावर दगड पडत नाही. आमच्याकडे तो निखारा विझलेला नाही. म्हणून या मालिकेचे जसेच्या तसे भाषांतर करून आश्रमशाळांच्या वाचनालयांत पोहोचवावे असे मी म्हणणार नाही. तिच्यातली पद्धत घ्यावी, प्रदेश आपला असावा, आणि आपल्या लेखकाने एक बंधन स्वतःहून पाळावे: राक्षस कितीही भयंकर रंगवावा, पण गावातली एकटी, म्हातारी, गरीब बाई खरोखरच चेटकीण निघाली, असा शेवट लिहू नये. कलेवर बंधन घालणे मला एरवी आवडत नाही. हे बंधन मात्र मी मागतो, कारण त्याची किंमत चुकवणारी बाई याच तालुक्यात राहते.

दुसरा आक्षेप दुःखाविषयी आहे. आधीच या मुलांच्या वाट्याला काय कमी आले आहे, त्यांना आणखी अंधार कशाला, असे लोक कळवळून म्हणतात. बाप गेलेल्या घरांतली, फवारणीच्या विषाने दवाखान्यात पडलेल्या माणसांच्या घरांतली, सावकाराच्या आणि बँकेच्या नोटिसा वाचून दाखवणारी ही मुले आहेत. त्यांना हसरे, उजळ काहीतरी द्यावे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. हसरी पुस्तके त्यांना जरूर मिळावीत. पण फक्त हसरीच पुस्तके दिली, तर मुलाला त्यातून कळते ते असे की आपल्या घरात घडले ते पुस्तकात येण्याजोगे नाही, त्याविषयी बोलायचे नसते.

पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ ही कादंबरी २०११ मध्ये आली. तिची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची होती. २००७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि कथा नेस यांनी लिहिली. तिच्यातल्या तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. मध्यरात्र उलटल्यावर घरामागचे यू जातीचे प्रचंड झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येते. ते त्याला तीन गोष्टी सांगते आणि बजावते की चौथी गोष्ट तू सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे. ती खरी गोष्ट अशी असते की हे सगळे एकदाचे संपावे, असे कॉनरला मनातून वाटले होते, आणि तसे वाटल्याबद्दल तो स्वतःला अपराधी समजत होता. ज्या घरात बापाने जीव दिला, त्या घरातल्या मुलाच्या मनात काय असते याचा विचार करून पाहावा. माझ्या फीचे पैसे नव्हते म्हणून तर नाही? ताईच्या लग्नाच्या खर्चामुळे तर नाही? त्या दिवशी मी उलट बोललो होतो म्हणून तर नाही? मदतीचा धनादेश देणारा अधिकारी हे प्रश्न विचारत नाही, नातेवाईक विचारत नाहीत, आणि शाळेत तर कोणी विषयच काढत नाही. एक झाड राक्षस होऊन आले आणि “खरे काय ते सांग” म्हणाले, तर ते झाड त्या मुलाला दयाळू वाटेल. अद्भुताचा आडोसा इथे उपयोगाचा आहे. वास्तववादी कथेत हीच गोष्ट वाचताना मुलाला सगळा वर्ग आपल्याकडे पाहतो आहे असे वाटू शकते. राक्षसाच्या गोष्टीत तो स्वतःला ओळखतो आणि इतरांना ते कळतही नाही. आपल्या झाडांत यू नाही. पण मोह आहे, आणि ज्या प्रदेशात मोहाच्या झाडाला जन्मापासून मरणापर्यंत सगळे ठाऊक असते असे मानतात, तिथे बोलणारे झाड उसने आणावे लागणार नाही.

हे सगळे परके आहे, इंग्रजी आहे, असा तिसरा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. आठव्या शतकातल्या भवभूतीने आपले घराणे विदर्भातल्या पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळ असल्याचे दाखवले. त्याच भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाच्या पाचव्या अंकात कपालकुंडला ही योगिनी आकाशमार्गाने येते, नायक स्मशानात पिशाच्चांना मांस विकायला निघतो आणि अघोरघंट नावाचा कापालिक नायिकेला चामुंडेपुढे बळी द्यायला उभी करतो. माधव त्याचा वध करून तिला सोडवतो. ज्या प्रकाराला आपण परका म्हणतो, त्याचा एवढा मोठा पूर्वज आमगाव रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेला असावा, ही गोष्ट आपल्या शाळांनी अभिमानाने सांगायला हवी.

मग करायचे काय, याविषयी काही ठोस बोलणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली ‘क’ आणि ‘ड’ वर्गांची छोटी वाचनालये विदर्भातल्या खेड्यांत अजून तग धरून आहेत. त्यांचे अनुदान तुटपुंजे असते, ग्रंथपालाला मिळणारे मानधन सांगण्यासारखे नसते, आणि पुस्तकांची निवड बहुधा शासनमान्य यादीतून व विक्रेत्याच्या सवलतीवरून होते. या यादीत अकरा ते पंधरा वयोगटासाठी स्वतंत्र विभाग करावा आणि त्यात भयाद्भुत कथेला जागा द्यावी, एवढी मागणी कोणत्याही वाचनालय संघाला करता येईल. पुस्तक दिले आणि काम झाले असेही नाही. अशी पुस्तके सुरुवातीला मोठ्यांच्या सोबतीने, वर्गात किंवा वाचनालयाच्या ओसरीवर मोठ्याने वाचली जावीत, आणि प्रकरण संपल्यावर मुलांना बोलू द्यावे. कोणाला काय पाहून भीती वाटते हे तेरा वर्षांची मुले एकमेकांना सहसा सांगत नाहीत. गोष्टीच्या निमित्ताने ती सांगतील, आणि त्यातून एखाद्या घरात खरोखर चाललेला देवऋषीचा खेळ शिक्षकाच्या कानावर वेळेत पडू शकेल.

लिहिणारे कुठून येतील, असेही विचारले जाते. वडसा ही ज्या रंगभूमीची पेठ आहे, त्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात, आणि हजार-दोन हजार माणसांना पहाटेपर्यंत बसवून ठेवणारे लेखक तिथे आहेत. प्रेक्षकाचा श्वास कुठे अडकतो हे त्यांना कोणत्याही कार्यशाळेविना कळते. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी जरी मुलांसाठी कादंबरी लिहायचे मनावर घेतले, संवाद झाडीबोलीत ठेवले, जागलीवरचा मुलगा नायक केला, तरी सुरुवात होईल. मुलीही नायिका व्हाव्यात. सरपण आणायला रानात त्या जातात आणि पहाटे मोह वेचायलाही त्याच जातात.

कथावस्तूचा सर्वांत मोठा साठा तर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांकडेच आहे. भानामतीच्या घरी जाऊन त्यांनी जे शोध घेतले, त्यांत कपडे आपोआप पेटणे, घरावर दगड पडणे, अन्नात घाण सापडणे अशा प्रकारांमागे अनेकदा त्याच घरातले, ज्याचे कोणी ऐकत नाही असे, मनातून पिचलेले माणूस निघाले आहे. कधी ती सासुरवाशीण असते, कधी शाळा सुटलेली मुलगी. कार्यकर्ते तिचे नाव गावासमोर उघड करत नाहीत, घरच्यांशी बोलून तिची अडचण सोडवतात आणि प्रकार थांबतो. यात भय आहे, रहस्य आहे, रात्रीचे पहारे आहेत, आणि शेवटी राक्षसाच्या जागी एक दुखावलेले माणूस सापडते. अशा शोधमोहिमेवर अनुभवी कार्यकर्त्याबरोबर प्रथमच निघालेला, खिशात वही ठेवणारा, मनातून भुतांना घाबरणारा तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर तेरा खंड लिहिता येतील. संबंधित माणसांची ओळख झाकून या शोधांच्या नोंदी लेखकांपुढे ठेवायला समित्यांनी तयार व्हावे आणि लेखकांनी त्या मागायला त्यांच्या कार्यालयांत जावे.